फीमाफीच्या पलीकडचा खर्च

हिमायतनगरात राहून बी.ए. करायला तसा फार पैसा लागत नाही. गावातच हुतात्मा जयवंतराव पाटील महाविद्यालय आहे. अनुदानित वर्गाची फी मुळात कमी, त्यातली बरीचशी शिष्यवृत्तीत वळती होते. खेड्यावरून येणाऱ्याला एसटीच्या मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत आहे आणि पुस्तकं मागच्या वर्षीच्या पोरांकडून अर्ध्या किमतीत मिळतात. खरा खर्च सुरू होतो पदवी हातात पडल्यावर. ‘पोरगा नांदेडला तयारी करतोय’ असं पारावर कोणी सांगितलं, की ऐकणाऱ्याला पुढचं विचारावं लागत नाही. खोली, मेस, क्लास, अभ्यासिका, फॉर्म आणि दर महिन्याला घरून जाणारे पाच-सहा हजार रुपये. थोड्या भाग्यवंतांचा अपवाद सोडला तर या पैशाला सरकारच्या अर्थसंकल्पात लेखाशीर्ष नाही.

शिक्षणाला सरकार फार पैसा देतं की फार कमी, या वादात मला पडायचं नाही. सरकारचं अनुदान एका ठिकाणी जातं आणि घरचा पैसा दुसऱ्याच ठिकाणी जिरतो, हा माझा मुद्दा आहे. अनुदान फीला आहे, घरचा पैसा वाट पाहण्यात जातो. आणि ही वाट ज्याने लांबवली तो मालकही सरकारच आहे.

हिमायतनगर, जुनं नाव वाढोणा, हा नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातला तालुका. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, पूर्वेला किनवटचं जंगल आणि त्यापलीकडे तेलंगण. कापूस, सोयाबीन, थोडी हळद. बंजारा तांडे, आंध-गोंड-कोलामांच्या वाड्या, मराठा-मुस्लिम-दलित वस्तीची गावं. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर स्टेशन आहे, त्यामुळे नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईही गाठता येते. पण पदवीधराला पगार देईल असा कारखाना तालुक्यात नाही. खुद्द नांदेडातली निजामकाळातली उस्मानशाही मिल कधीच बंद पडली. जिल्ह्यात औद्योगिक वसाहती आहेत, कृष्णूरची मोठी आहे, पण हिमायतनगरच्या बी.ए.वाल्याला तिथे जागा मिळाली तरी ती बहुधा ठेकेदाराच्या हजेरीपटावर मिळते.

अनुदान कुणाच्या पैशाने आणि कुणासाठी, हा सवाल महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट विचारला जोतीराव फुल्यांनी. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरळ म्हटलं होतं, की महसूल भरतो शेतकरी आणि सरकार तो खर्च करतं वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यांची मागणी आधी प्राथमिक शिक्षणाची होती. निजामाच्या राज्यात तर हा प्रश्न इतका पुढे आलाच नव्हता. मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे. 1948 साली निजामापासून मुक्ती मिळाली आणि दोनच वर्षांत, 1950 साली, औरंगाबादेत बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय आणि नांदेडात स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज उभं राहिलं. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झालं. त्यातूनच 17 सप्टेंबर 1994 रोजी, मुक्तिदिनाचा मुहूर्त धरून, नांदेडचं विद्यापीठ वेगळं निघालं आणि नांदेड, लातूर, परभणीची महाविद्यालयं त्याच्याकडे आली. पुढे परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला, तोही त्याच्याच कक्षेत राहिला.

पैशाची वाटही याच काळात तयार झाली. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासूनची, म्हणजे स्वातंत्र्याआधीची. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, 1959 साली, ईबीसी म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत आली. वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असलेल्या कुठल्याही जातीच्या मुलाची फी माफ. आज साठी-सत्तरीत असलेले मराठवाड्यातले कितीतरी शिक्षक, ग्रामसेवक, तहसीलदार या एका सवलतीने घडले आणि ते तसं मोकळेपणाने सांगतातही. त्यांच्या बाबतीत सगळं जुळून आलं होतं, कारण फी माफ व्हायची आणि पदवीच्या दुसऱ्या टोकाला नोकरी उभी असायची. जिल्हा परिषदा 1962 साली नुकत्याच सुरू झालेल्या, शाळा उघडत होत्या, पाटबंधारे खातं वाढत होतं, बँका 1969 साली राष्ट्रीयीकृत होऊन तालुक्यात शाखा काढत होत्या. रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवलं की कॉल यायचा. त्या पिढीच्या आठवणीत पदवी आणि नोकरी ही एकच वस्तू आहे, आणि पुढच्या पिढ्यांना सल्ला तीच पिढी देत आली.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडलं. तोवर अभियांत्रिकीसाठी कर्नाटकात डोनेशन भरायला जाणारा पैसा राज्यात थांबला, हे खरं. पण फीचा हिशेब बदलला. कॅपिटेशन फीवर 1987 साली बंदी घालणारा कायदा करावा लागला, यातच काय चाललं होतं ते येतं. 2001 नंतर नव्या शाळा-महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का मारूनच परवानगी मिळू लागली. 2009 साली त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला आणि मग टप्प्याटप्प्याने वीस-वीस टक्के अनुदानाची मागणी घेऊन शिक्षक आझाद मैदानावर बसू लागले. म्हणजे सरकारने शिक्षणाचा विस्तार केला, पण त्याचा पगार द्यायचं टाळलं. त्या विस्तारात नोकरी मिळालेले हजारो पदवीधर कागदावर शिक्षक होते आणि संध्याकाळी रसवंती किंवा किराणा दुकान चालवत होते.

आज फीच्या बाजूने पाहिलं तर चित्र वाईट नाही. अनुसूचित जातीच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आता केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के अशी आहे. खुल्या वर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षणशुल्क सवलत आहे. जुलै 2024 मध्ये मोठा निर्णय झाला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ. हिमायतनगरच्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नाही. ‘मुलाला इंजिनिअरिंग, मुलीला बी.ए.’ ही घराघरातली वाटणी या निर्णयाने थोडी तरी हलली असेल. मात्र संस्थास्तरावरच्या जागा आणि अभिमत विद्यापीठं यात नाहीत, आणि सरकारकडून परतफेड उशिरा येते म्हणून काही महाविद्यालयं आधी पैसे भरून घेतात, ही तक्रार पालक सतत करतात.

उशीर ही या व्यवस्थेची सवय आहे. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा तर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, रहिवासी, नॉन-क्रिमिलेयर, आधारला जोडलेलं खातं. यातला एक कागद अडला की पोर्टल अडतं. महा-ई-सेवा केंद्रात एकेका दाखल्यामागे सरकारी दराच्या वर काही द्यावं लागतं, तहसीलला दोन-तीन खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला बापाची एक दिवसाची मजुरी बुडते. हा खर्च कुठल्याही अहवालात येत नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता तर कधी कधी निकाल लागून गेल्यावर खात्यात पडतो. वर्ष सुरू असताना जो पैसा खोलीभाड्याला हवा होता, तो वर्ष संपल्यावर मोटारसायकलच्या हप्त्याला लागतो, आणि मग लोक म्हणतात, पोरं शिष्यवृत्तीवर गाड्या घेतात!

राहण्या-खाण्याची बाजू सरकारला उशिरा दिसली. 2016-17 पासून अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी स्वयम् या योजना आल्या. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना शहराच्या दर्जाप्रमाणे वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत रक्कम मिळते. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता अल्पभूधारकांच्या मुलांना आहे. किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या पट्ट्यातल्या मुलांना यातलं काही मिळतंही. सगळ्या योजनांत मला सर्वांत शहाण्या वाटतात त्या याच, कारण घरचा पैसा जिथे जातो त्याच्या त्या जवळ जातात. पण एक अट पक्की, की अर्जदार कुठल्यातरी अभ्यासक्रमाचा नियमित विद्यार्थी पाहिजे. पदवी झाली, टीसी निघाली, की तो विद्यार्थी राहत नाही. तेव्हापासून तो ‘तयारी करणारा’ होतो. काहीजण म्हणूनच एम.ए.ला प्रवेश घेतात. एम.ए. शिकायचं नसतं, वसतिगृहाची खाट टिकवायची असते. विद्यापीठांचे पदव्युत्तर वर्ग कोणासाठी भरतात याचं हेही एक उत्तर आहे.

आता थोडी बेरीज करू. नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागात तिघांत एक खोली घेतली तर माणशी दीड-दोन हजार, मेस अडीच-तीन हजार, अभ्यासिकेची खुर्ची सात-आठशे. म्हणजे महिन्याला पाच-सहा हजार. क्लासची फी, पुस्तकं, परीक्षांचे अर्ज आणि परीक्षेसाठीचा प्रवास धरला तर वर्षाला सत्तर-ऐंशी हजार सहज होतात. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून बराच कमी भाव मिळत होता. चार हजार धरले तर सत्तर हजार म्हणजे साडेसतरा क्विंटल. कोरडवाहू एकरी सहा-सात क्विंटल उतारा पडला तर अडीच-तीन एकरांचं अख्खं उत्पन्न, बी-खताचा खर्च न वजा करता, एका मुलाच्या एका वर्षाच्या तयारीला जातं. अतिवृष्टी झाली तर तेही नाही. आणि तयारी एका वर्षात कोणाची होत नाही.

बारावीच्या आधीचा खर्च तर निराळाच आहे. लातूर पॅटर्नची सुरुवात राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी केली. जनार्दन वाघमारे त्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य, आणि नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच. गावाकडच्या मुलांना कसून अभ्यासाला बसवून मुंबई-पुण्याच्या बरोबरीने आणायचं, हा त्या पॅटर्नचा मूळ आशय अभिमानाचा होता. पुढे त्याचा बाजार झाला, लातुरात ‘ट्युशन एरिया’ असा वेगळा भागच झाला आणि नांदेडनेही तीच वाट धरली. नीटच्या दोन वर्षांच्या क्लासची फी लाखांत जाते. 2024 च्या नीट पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत पोचले तेव्हा बाहेरच्यांना धक्का बसला, इथल्यांना फारसा नाही.

ही पोरं कशाची वाट पाहतात? तलाठी, पोलीस, ग्रामसेवक, जिल्हा परिषद, वनरक्षक, आणि जमलं तर एमपीएससीची राज्यसेवा. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. शुल्क खुल्या वर्गाला 1,000, राखीवला 900. दहा लाख गुणिले नऊशे, हा हिशेब कोणीही करावा. नव्वद कोटींच्या वर पैसा एका परीक्षेतून गोळा झाला, आणि तो दिला ज्यांना पगार नाही त्यांनी. सरकारचं म्हणणं असं की परीक्षा घेणाऱ्या कंपनीला पैसे द्यावे लागतात, अर्जही उगाच कोणी भरू नयेत. म्हणणं खोटं नाही. पण फीमाफीने वर्षाला वाचणारे काही हजार रुपये पाच-सहा भरत्यांच्या अर्जांत आणि परीक्षाकेंद्र गाठण्याच्या प्रवासात परत सरकार, कंपनी आणि एसटीकडे जातात, हेही खरं. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाख 76 हजार अर्ज होते. 2019 च्या सुरुवातीला मंत्रालयाच्या उपाहारगृहातल्या तेरा वाढप्यांच्या जागांसाठी सुमारे सात हजार अर्ज आले, अट चौथी पासची होती आणि निवडलेल्यांत बहुतेक पदवीधर होते.

हे वेडेपण नाही. तलाठ्याची मूळ वेतनश्रेणी सातव्या आयोगात 25,500 पासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता. हिमायतनगरात मेडिकलच्या दुकानात, पतसंस्थेत किंवा सीएससी केंद्रात बसणाऱ्या पदवीधराला सात-आठ हजार मिळाले तर बरे मिळाले म्हणतात. मायक्रोफायनान्सच्या वसुलीला गेलं तर थोडे जास्त, पण गावोगाव शिव्या खायच्या. लग्नाच्या बाजारात तर दोन्हींची तुलनाच होत नाही. एवढी दरी असेल तर पाच वर्षं रांगेत उभं राहणं हा पक्का व्यवहार आहे.

मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयर्ड आणि मॉरीन वुडहॉल या तिघा अर्थतज्ज्ञांनी 1969 साली भारतातल्या पदवीधर बेकारीच्या कारणांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष आजही टोचतो. भारतातला पदवीधर कायमचा बेकार नसतो, तो थांबलेला असतो, आणि शिक्षणाचा बराच खर्च सरकार उचलत असल्यामुळे थांबण्याचा काळ धरूनही पदवी घेणं त्याच्या फायद्याचंच ठरतं. म्हणून उच्च शिक्षणावरचं अनुदान कमी करून पैसा प्राथमिककडे वळवावा, असा त्यांचा रोख होता. पुढे रोनाल्ड डोअर यांनी 1976 साली ‘डिप्लोमा डिसीज’ लिहून दाखवलं, की नोकऱ्या कमी झाल्या की पदव्यांची मागणी उलट वाढते, कारण शिपायाच्या जागेलाही आता पदवीधर येतो. डोअर मला पटतात. ब्लॉग आणि मंडळींचं निदान बरोबर आहे, पण औषध हिमायतनगरला लागू पडत नाही. फी वाढवली तर रांगेतून पहिल्यांदा बाहेर पडेल ती तांड्यावरची मुलगी. जमीन विकून तयारी करणारा जागचा हलणार नाही, कारण त्याचा मुख्य खर्च फीचा कधी नव्हताच.

उलट टोकाचा प्रयोग इजिप्तने केला. नासरच्या सरकारने 1964 साली कायदाच केला, की विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीधराला सरकार नोकरी देईल. फुकट शिक्षण आणि हमीची नोकरी. विद्यापीठं फुगली, रांग वाढली, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला नेमणुकीची वाट वर्षानुवर्षं पाहावी लागू लागली. हमी कागदावर राहिली. आपल्याकडे अशी हमी कोणी दिली नाही. पण आपण वाट पाहण्याची मुदत मात्र सरकारी निर्णयाने वाढवली. 2016 साली राज्य सेवेत प्रवेशाची वयोमर्यादा खुल्या वर्गाला 33 वरून 38 आणि राखीवला 38 वरून 43 केली. मागणी पोरांचीच होती, निर्णयाचं स्वागतही झालं. सरकारच्या तिजोरीतून एक रुपयाही न जाता दिलेली ही सवलत आहे. त्यात गेली ती पोरांची आणखी पाच वर्षं, आणि घरचा पैसा.

देशाचे आकडे हीच गोष्ट सांगतात. केंद्राच्या श्रमबल पाहणीत 2022-23 साली पदवीधरांतली बेरोजगारी 13 टक्क्यांच्या वर होती, तर एकूण दर त्याच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या भारत अहवालात तरुण पदवीधरांचा दर 29.1 टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांचा 3.4 टक्के असा आहे. अडाणी माणसाला काम मिळतं असा याचा अर्थ नाही. त्याला थांबणं परवडत नाही, तो कापूस वेचायला किंवा ऊसतोडीला जातो आणि आकडेवारीत ‘रोजगारात’ येतो.

शिक्षकभरतीची कथा यात सर्वांत करुण आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं डी.एड. झालं की नोकरी, असं समीकरण होतं. बारावीला सत्तर-ऐंशी टक्के मिळवलेली मराठवाड्यातली हुशार मुलं-मुली डी.एड.ला जात. मग डी.एड. महाविद्यालयांचं पीक आलं, त्यांना परवानग्या सरकारनेच दिल्या. मे 2012 मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. शिकवणारे तयार करणारी यंत्रणा चालू आणि त्यांना घेणारी बंद, असं बराच काळ चाललं. 2013 पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, 2017 साली अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. दरम्यान टीईटीतच गुण वाढवून देण्याचा घोटाळा उघडला आणि 2022 साली सात हजारांवर उमेदवार अपात्र ठरले. शिक्षणसेवकाचं मानधन कित्येक वर्षं 6,000 होतं. 2023 साली ते 16,000 झालं, तेही न्यायालयाने कान टोचल्यावर. आज डी.एड.च्या कित्येक वर्गांत खुर्च्या रिकाम्या आहेत. खासगी अनुदानित संस्थांत जागा भरताना लाखांत व्यवहार होतो हे मराठवाड्यात उघड गुपित आहे, त्यासाठी दोन एकर विकणारा बाप प्रत्येकाच्या नात्यात सापडेल. पगार सरकार देतं आणि नेमणुकीचे पैसे संस्थाचालक घेतो, असं हे अनुदान आहे! वरिष्ठ महाविद्यालयांत नेट-सेट, पीएच.डी. झालेले तासिका तत्त्वावर शिकवतात. हिमायतनगरच्या बी.ए.च्या मुलाला पदवीचं मोल सांगणारा माणूस स्वतःच पदवीच्या रांगेत उभा आहे.

मराठवाड्याने या प्रश्नावर शब्द घेतलेला आहे. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनाची ठिणगी विद्यार्थ्यांनी टाकली, वसमतच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले, आणि मागण्यांत स्थानिकांना नोकऱ्या ही मागणी होती. राज्यघटनेच्या कलम 371(2) मध्ये तांत्रिक शिक्षण आणि राज्याच्या सेवेतल्या पुरेशा संधी यांचा न्याय्य वाटा मराठवाड्याला मिळावा, असं स्पष्ट आहे. त्यासाठी 1994 साली वैधानिक विकास मंडळं झाली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला नांदेड-परभणी-जालना पट्ट्यात एवढी धार का आली, हे समजायला जातीच्या दाखल्यांबरोबर भरतीच्या जाहिराती पाहाव्या लागतील. राज्याच्या सेवेत मंजूर पदं सात लाखांच्या वर, त्यांतली दोन लाखांहून जास्त रिकामी. आरक्षणाच्या टक्क्यांवर भांडणारे दोन्ही बाजूंचे तरुण न भरलेल्या जागांवर भांडत आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये तर या जागा खासगी संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्याचा निर्णय निघाला आणि संताप पाहून पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला.

याच राज्याने कामाची हमी हा विचार देशाला दिला. 1972 च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या आग्रहातून, रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. पगारदारांवर 1975 साली व्यवसाय कर बसवून तिचा पैसा उभारला. खडी फोडणाऱ्याला काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. त्याच मजुराचा मुलगा रोजगार हमीच्या पैशावर शिकून पदवीधर झाला, तेव्हा त्याच्या मापाची हमी कोणाकडे नव्हती. मध्यंतरी सरकारने सुशिक्षित बेरोजगारांना तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर कचेऱ्यांत अंशकालीन काम दिलं. पुढे त्यांना गट-क मध्ये दहा टक्के समांतर आरक्षण द्यावं लागलं, आणि त्यांतले कितीतरी वय संपेपर्यंत भांडत राहिले.

2024 ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, लोकांच्या तोंडी ‘लाडका भाऊ’, पाहताना हे सगळं आठवतं. बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये महिना, मुदत सहा महिने, वर्षाला दहा लाख तरुण आणि 5,500 कोटी. पुढे मुदत अकरा महिने केली. कल्पना वाईट नाही. पण हिमायतनगरसारख्या तालुक्यात खासगी आस्थापना थोड्या, म्हणून पोरं गेली ती ग्रामपंचायत, तहसील, पंचायत समिती, शाळेत. जिथे पदं रिकामी आहेत तिथेच त्यांनी काम केलं, आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून मोर्चे काढले. सरकार म्हणालं, हे प्रशिक्षण होतं. पोरं म्हणाली, मग आम्ही जे काम केलं ते कोणाचं होतं? हा प्रश्न अंशकालीनांनीही विचारला होता.

स्वयंरोजगाराचं अनुदान हा दुसरा मार्ग, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. 1993 ची पंतप्रधान रोजगार योजना, 2008 पासून पीएमईजीपी, राज्याची 2019 ची सीएमईजीपी, अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याजपरतावा. ग्रामीण भागात पीएमईजीपीत विशेष प्रवर्गाला 35 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. पण अनुदान कर्जावर बसतं आणि कर्ज बँक देते. बापाचं पीककर्ज थकलेलं असेल तर शाखाधिकारी मुलाची फाईल उघडत नाही. ज्यांना मिळतं ते बहुधा मोबाईल शॉपी, मंडप, पिकअप गाडी घेतात, कारण गिऱ्हाईक त्यालाच आहे. कापूस गाठी होऊन बाहेर जातो, हळद पोत्यात भरून बाहेर जाते. प्रक्रिया इथे झाली तर पदवीधराला हिशेब, गुणवत्ता, वाहतूक ही कामं मिळतील. त्याला वैयक्तिक अनुदानापेक्षा वीज, गोदाम आणि रस्ता जास्त लागतो.

शिक्षणकर्जाचंही तेच. नोव्हेंबर 2024 च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी. हिमायतनगर, हदगाव, भोकरची बहुतेक मुलं जिथे शिकतात ती महाविद्यालयं त्या यादीच्या आसपासही नाहीत. आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या मुलाला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे श्रेयांकही मिळवायचे आहेत. पुण्यात हे सोपं आहे. हिमायतनगरात प्राचार्याला पतसंस्था, जिनिंग, दवाखाना आणि ग्रामपंचायत यांच्यातच मुलं वाटावी लागणार.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी आधी कराव्याशा वाटतात, आणि तिन्हींना मोठा पैसा लागत नाही. पहिली म्हणजे भरतीचं वेळापत्रक कायद्याने बांधून घ्यावं. वर्षात कोणत्या महिन्यात कोणती जाहिरात, परीक्षा कधी, निकाल कधी, नेमणूक कधी, आणि चुकलं तर खात्याने उत्तर द्यायचं. वयोमर्यादा वाढवण्यापेक्षा हे पोरांच्या जास्त कामाचं आहे, कारण पुढची जाहिरात तीन वर्षं नाही हे माहीत असलेला मुलगा नांदेडची खोली सोडून काहीतरी दुसरं करील. दुसरी, परीक्षेला बसलेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेतल्या प्रत्येक उमेदवाराचं शुल्क परत करावं. केवळ अर्ज भरून न येणाऱ्याचं ठेवून घ्यावं. म्हणजे सरकारची उगाच अर्जांची तक्रारही मिटते. तिसरी, स्वाधार-स्वयम् सारखा निर्वाह पदवीनंतर एका वर्षापुरता, एकदाच, आणि तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यालाही द्यावा. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणात विद्यावेतन मिळतं, पण जागा इतक्या कमी की त्यासाठी आणखी एक चाळणी परीक्षा होते. तालुक्यात चांगली अभ्यासिका आणि वर्षभराचा निर्वाह मिळाला तर निम्मी मुलं नांदेडला जाणार नाहीत. क्लासवाल्यांना हे आवडणार नाही.

अडचण अशी की यातली कुठलीही गोष्ट फलकावर छापण्यासारखी नाही. फीमाफीचा निर्णय एका पत्रकार परिषदेत जाहीर होतो. भरतीचं वेळापत्रक पाळण्याची घोषणा करून कोणी निवडून येत नाही. आणि रिकाम्या जागा भरल्या की पगाराचा बोजा दरवर्षी अर्थसंकल्पात दिसतो, तर पोरांच्या थांबण्याचा बोजा सोयाबीनच्या पट्टीत, सोसायटीच्या थकबाकीत आणि सातबाऱ्यावरून कमी होणाऱ्या गुंठ्यांत विखुरलेला असतो. अर्थ विभागाला तो मोजावा लागत नाही.